लटारूच्या गळ्याचं माप

प्रफुल वैरागडे दुपारी झोपत नसे. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. जेवण झालं की तो खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून विचार करायचा. त्या विचारांचा आवाज जिन्याखालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायचा, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशीही तो असाच विचारात गढलेला होता. डोळे उघडले तेव्हा टेबलासमोर चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उभी होती. नजर मनगटावरच्या घड्याळावर. तिच्या मागं दाराशी खांद्यावर टॉवेल टाकलेला एक म्हातारा. किती वेळ उभे होते कोण जाणे. ताटकळल्यामुळं घड्याळ बघतेय असं वाटून प्रफुल ओशाळला.

"बसा ना," तो म्हणाला. "मॅडम येतीलच."

मुलगी बसली, पण त्याच्याकडं एकटक पाहत राहिली. शर्टाचं बटण उघडं राहिलं की काय, म्हणून त्यानं हळूच चाचपलं. गळ्याचं बटण उघडंच होतं, पण ते त्याचं गेल्या चार वर्षांत कधी लागलंच नव्हतं. डोकंही सकाळपासून जड होतं. त्यानं खणातून बाम काढून कपाळाला चोळला.

तेवढ्यात दिव्यानी खोब्रागडे आली. चंद्रपुरातल्या या दोन खोल्यांच्या कचेरीवर पाटी तिच्या नावाची होती: खासगी तपास. प्रफुल तिचा मावसभाऊ. गाडी चालवणं, फोटो काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही कामं त्याच्याकडं होती. तिसरं काम तो सर्वांत मन लावून करायचा.

मुलीचं नाव करिश्मा नरोटे. म्हातारा तिचा बाप, बुधू. गाव एटापल्लीकडं, सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याशी. त्या गावातून नर्स झालेली ती पहिलीच. चंद्रपूरहून मूल गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वीस खाटांच्या सर्जिकल हॉस्पिटलात ती दोन वर्षं नोकरीला होती.

"माह्या हातून मानूस मेला म्हनते ते," करिश्मा म्हणाली. "सोमवारी नर्सिंग कौन्सिलले कागद जाते. मंग माहं रजिस्ट्रेशन गेलं समजा."

बाकीचं तिनं तुटक तुटक सांगितलं. लटारू गुरनुले नावाचा बावन्न वर्षांचा धानकरी शेतकरी हर्नियासाठी भरती झाला होता. ऑपरेशन सकाळी दहाला झालं, नीट झालं. दुपारी दोनला करिश्माची ड्यूटी संपली, मोठ्या सिस्टर पुनमताई आल्या. तीन वाजता लटारू खाटेवर गार सापडला.

"कशानं?" दिव्यानीनं विचारलं.

झोपेत श्वास अडून, करिश्मा म्हणाली. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. घोरता घोरता एकदम सगळं थांबतं, श्वासही. मग माणूस दचकतो आणि पुन्हा घोरू लागतो. अशी माणसं दिवसा पेंगतात आणि त्यांना स्वतःला काही ठाऊक नसतं. घरी ते निभावून जातं. पण ऑपरेशननंतर दुखण्याचं कडक इंजेक्शन दिलं की दचकणंच बंद होतं. ऑक्टोबरात पुनमताईंनी सगळ्या नर्सांचा दोन दिवस वर्ग घेऊन हेच शिकवलं होतं. ऑपरेशनआधी विचारायचं, गळा मोजायचा, फॉर्म भरायचा. चाळीस सेंटिमीटरच्या वर गळा असला तर धोका. अशा पेशंटची खाट उशाकडून उंच ठेवायची, बोटाला ऑक्सिजन मोजणारं मशीन लावायचं, इंजेक्शन अर्धंच द्यायचं आणि नजर हलवायची नाही.

"मग तू विचारलं नव्हतंस?"

"विचारलं. त्यायची बायको म्हने, घोरत नाई. पन ऑपरेशनच्या आंधी ते बाकावर बसल्या बसल्या झोपले. मी सोता मोजलं मॅडम, चौदा सेकंद श्वास नोता. मी फॉर्मवर 'हो' लिवलं. खाट उंच केली, मशीन लावली, पुनमताईले सांगूनच घरी गेली. आता फाइलमंधी जो फॉर्म आहे, त्याच्यावर सगळीकडे 'नाही' आहे. आन् खाली सही माहीच."

"सही खोटी?"

करिश्मानं मान खाली घातली. सही खरी होती. सकाळी आल्या आल्या दहा-बारा कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायची तिथं सगळ्याच नर्सांना सवय होती. नंतर घाईत राहून जायला नको म्हणून. तो गठ्ठा उघड्या ट्रेमध्ये पडलेला असे.

"गळा मोजला होतास?"

"हो. पन टेपनं नाई. वर्गात अकराच टेपा आल्या होत्या, आमी चौदा जनी. माह्यापरेंत आलीच नाई." तिनं खिशातून बँडेजची एक पट्टी काढली. मधोमध गाठ मारलेली होती. "हे घरी फुटपट्टीनं चाळीस मोजून गाठ मारली. गळ्याभोवती टोक गाठीले पोचलं तं 'गाठ पुरली' लिवतो. नाई पोचलं तं 'गाठ पुरली नाई'."

"बांबूचा भारा आमी असाच मोजतो," इतका वेळ गप्प बसलेला बुधू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

लटारूच्या वेळी गाठ पुरली नव्हती. तेव्हा करिश्मानं त्याच्या गळ्याएवढी वेगळी पट्टी घेऊन मापाच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि ती खाटेच्या उशाच्या दांडीला बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. ती पट्टीही आता गायब होती.

निघताना करिश्मा दिव्यानीला बाजूला घेऊन काहीतरी हळूच बोलली. पोरगी बिचारी फीची अडचण सांगत असेल, असं प्रफुल धरून चालला.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले. वाटेत दिव्यानी सारखी बोलत होती. मूलचा बाजार कोणत्या वारी भरतो, वहिनीच्या हातचं वांगं कसं लागतं, डाव्या हाताला कोणतं झाड गेलं. एवढी बडबड तिच्या स्वभावात नव्हती. ती मिनिटभर गप्प बसली आणि गाडीचं चाक खडीवर उतरलं. प्रफुलनं ती सावरली.

"गाय आडवी आली," तो म्हणाला.

दिव्यानीनं मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

डॉ. सुनिल चिमूरकर हा तुटक बोलणारा, सारखा फोनकडं पाहणारा माणूस. घडलं ते वाईट घडलं, पण चूक कागदावर स्पष्ट आहे, असं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. फाइल मात्र दिली. प्रफुलनं फॉर्म मोठ्यानं वाचला. घोरतो का, नाही. दिवसा पेंगतो का, नाही. श्वास थांबताना कुणी पाहिला, नाही. गळा, अडतीस सेंटिमीटर. खाली करिश्माची सही.

"हे फॉर्म तुम्ही बघता?" दिव्यानीनं विचारलं.

"नर्सांचा कागद आहे तो, वॉर्डातच राहतो. एकदा सहज चाळले तर या पोरीनं पानोपान गाठ पुरली, गाठ पुरली नाही असं लिहून ठेवलेलं. मी म्हटलं, हे हॉस्पिटल आहे की बांबूचा डेपो? तेव्हापासून हात लावला नाही."

प्रफुलला हा माणूस पहिल्या झटक्यात आवडला नाही. स्वतःच्या हॉस्पिटलचं नाव राखायला पोरीचा बळी देणारा असाच असतो. त्यानं मनातल्या मनात केस मिटवून टाकली.

पुनमताई बारसागडे अगदी उलट. पन्नाशीच्या, शांत, चहा स्वतः घेऊन आल्या. भिंतीवर त्यांच्या वर्गाचा फोटो होता. पुढच्या आठवड्यात नागपूरला मोठ्या परिषदेत त्या याच विषयावर बोलणार होत्या. करिश्मा धाकट्या बहिणीसारखी आहे, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

"प्रत्येकीच्या हातात टेप दिली, करून दाखवलं, करून घेतलं," त्या म्हणाल्या. "पण घाईत राहून जातं. फॉर्मवर धोका नव्हता, म्हणून सव्वादोनला तो कण्हायला लागल्यावर मी पूर्ण इंजेक्शन दिलं. तिनं चूक लिहून दिली तर मी साहेबांची समजूत काढीन. पोरीचं आयुष्य आहे."

"जाताना तिनं काही सांगितलं नाही?"

"चार नंबरचा पेशंट ठीक आहे, एवढंच."

"खाट उंच होती?"

"सपाट होती. असते तशी."

बाहेर आल्यावर प्रफुल म्हणाला, बाई देवमाणूस आहे, पोरगी लपवत असेल तरी काय सांगावं. दिव्यानीनं त्याला लटारूच्या गावाकडं गाडी घ्यायला सांगितलं आणि पुन्हा वांग्याचा विषय काढला.

गाव मूलच्या पुढं, जंगलाला खेटून. धान कापून झालं होतं, भाताच्या बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरली होती. लटारूची बायको कमळा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घोरण्याचं विचारताच तिचा हात थांबला.

"त्या पोरीनंबी हेच इचारलं. घोरते का, दिवसा झोपते का. माहा मानूस झोपनारा नोता बाई. दिवाळीपासून रोज जागलीवर जाये. रातभर डुक्करं हाकले. त्याले झोपाळू म्हनाचं काम नाई."

तिच्या बोलण्यात दुःख होतं त्याहून जास्त राग होता. ऑपरेशनच्या दिवशी ती दुपारी जेवायला खाली गेली होती. परतली तेव्हा खाट सपाट होती आणि नवरा झोपलेला. झोप लागली म्हणून तिलाही बरं वाटलं होतं.

ओसरीत खुंटीला लटारूच्या कपड्यांचं गाठोडं टांगलेलं होतं. हॉस्पिटलातून आणलं तसंच, अजून कुणी सोडलं नव्हतं. ते पांढऱ्या बँडेजच्या पट्टीनं बांधलेलं होतं आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना बारक्या गाठी होत्या. खाटेखाली पडून होती, गाठोडं बांधायला घेतली, असं कमळा म्हणाली. दिव्यानीनं आपली ओढणी देऊन ती पट्टी मागून घेतली. प्रफुलला ओढणीचं वाईट वाटलं, नवी होती.

लटारूसोबत जागलीला जाणारा शेजारी पोचू त्यांना बांधावर भेटला. घोरणं? छे. लटारूभाऊ टक्क जागा राहायचा. बोलताना पोचू पायानं ढेकूळ फोडत होता. समोर जंगलाच्या बाजूला लटारूचा राखणीचा माळा होता, जुन्या काळपट बांबूचा. दुसरा माळा पार गावाच्या अंगाला, कालव्याजवळ, ताज्या हिरव्या बांबूचा.

"तो तुमचा?" दिव्यानीनं विचारलं. "नवा दिसतो. इतका लांब काऊन बांधला?"

"डुक्करं तिकडूनच येते नं बाई."

"गावाकडून?"

पोचूनं दुसरं ढेकूळ फोडलं. प्रफुल म्हणाला, हाच तो. कशातला ते त्याला सांगता आलं नसतं, पण माणूस खोटं बोलत होता एवढं नक्की. दिव्यानी पोचूजवळ बांधावर बसली, आणि एका निर्दोष मुलीची नोकरी त्याच्या एका शब्दावर अडली आहे, हे तिनं त्याला शांतपणे सांगितलं. मग तो जे बोलला ते दिव्यानीनं लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी सगळे डॉ. चिमूरकरांच्या खोलीत जमले. करिश्मा आणि बुधू भिंतीला टेकून उभे. कमळा आणि पोचू बाकावर. पुनमताई खुर्चीत, मांडीवर हात. प्रफुल दाराशी उभा राहिला आणि डॉक्टर पळाला तर कसा धरायचा याचा विचार करू लागला.

"घोरण्यापासून सुरू करू," दिव्यानी म्हणाली. "कमळाबाई नाही म्हणाल्या, पोचूभाऊ नाही म्हणाले, फॉर्मही नाही म्हणतो. तिघं एकच सांगतात म्हटल्यावर खोटी एकटी करिश्मा ठरते. पण दोन माणसं शेजारी शेजारी जागल करतात ती सोबतीसाठी. पोचूभाऊंनी याच हंगामात आपला माळा जंगलापासून उलट, सर्वांत लांबच्या कोपऱ्यात नेला. डुक्कर तिकडून येत नाही. मग ते कशापासून लांब गेले?"

पोचूनं मान वर केली नाही. "त्याच्या घोरन्यापासून," तो म्हणाला. "ढोल वाजल्यावानी. त्या आवाजानंच डुक्करं येत नोते, आमी हासो. मधातच बंद पडे, मंग मले धास्ती वाटे का गेला का काय. पन औंदा चार बांध्या डुक्करायनं खाल्ल्या. मेल्यावर म्या कसं सांगू का जागल्या झोपे म्हनून? लोक त्याच्या नावानं बोटं मोडतीन."

कमळानं पदर तोंडाशी नेला. तिनंही त्याच भीतीनं नाही म्हटलं होतं. नर्स दुखण्याबद्दल विचारत होती आणि तिला वाटलं, आपल्या माणसाला आळशी म्हणताहेत.

"म्हणजे करिश्मा खरं बोलत होती," दिव्यानी म्हणाली. "फॉर्म बदलला गेला. सही केलेले कोरे फॉर्म ट्रेमध्ये पडलेलेच होते, ते कुणालाही मिळाले असते. आता बघा, नवा फॉर्म भरणाऱ्याला तो करिश्मानंच भरल्यासारखा दाखवायचा होता. त्यानं गळा लिहिला अडतीस सेंटिमीटर. करिश्मानं आजवर एकदाही सेंटिमीटर लिहिलेले नाहीत. तिच्याकडं टेपच नाही. ती लिहिते, गाठ पुरली."

डॉक्टरनं फोन खाली ठेवला.

"प्रफुलदादांचा संशय तुमच्यावर होता, डॉक्टर," ती म्हणाली, आणि प्रफुल छताकडं पाहू लागला. "पण तुम्ही त्या गाठींवरून तिची चेष्टा केली होती. तुम्ही फॉर्म बनवला असता तर गाठ पुरली असंच लिहिलं असतं. हे करणाऱ्याला गाठीची माहितीच नव्हती. करिश्मा टेपनं मोजते, अशी त्याची खात्री होती. अशी खात्री असणारं माणूस मला एकच भेटलं. प्रत्येकीच्या हातात टेप दिली, असं तेच म्हणालं. टेपा अकरा होत्या आणि मुली चौदा, हे मोजायचं राहून गेलं. शिकवलेल्या मुली वॉर्डात काय लिहितात, तेही बघायचं राहिलं."

दिव्यानीनं पर्समधून ती पट्टी काढली.

"पुनमताई, तुमची टेप द्या जरा."

पुनमताईंनी खिशात हात घातला आणि टेप पुढं केली. दोन गाठींमधलं अंतर दिव्यानीनं सगळ्यांसमोर मोजलं. चव्वेचाळीस.

"हा लटारूभाऊंचा गळा. ही पट्टी उशाच्या दांडीला होती, खाट उंच होती. दोन ते तीनच्या मध्ये कुणीतरी पट्टी काढून टाकली, खाट सपाट केली, पूर्ण इंजेक्शन दिलं. तेव्हा वॉर्डात सिस्टर एकच होत्या."

प्रफुल दारातून पुढं आला, पण धरायचं कुणाला होतं? बाई जागच्या हलल्याच नव्हत्या.

"तिनं सांगितलं होतं," पुनमताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मी नागपूरच्या भाषणाचे कागद लावत होते. हो हो म्हटलं. तो कण्हायला लागला, इंजेक्शन दिलं. आडवा झाला तर झोपेल म्हणून खाट खाली केली. मशीन सारखं वाजत होतं, तेही काढलं. दांडीला चिंधी लोंबत होती, ती काढून टाकली. मग तो जोरात घोरायला लागला. आणि थोड्या वेळानं थांबला. घोरणं थांबलं की उठून जायचं, हे मी प्रत्येक वर्गात तीनदा वदवून घेते. मला वाटलं, शांत झोप लागली. मी खुर्चीतून उठले नाही. नंतर घाबरून तिचा फॉर्म न वाचताच फाडला आणि ट्रेमधल्या सही केलेल्या कोऱ्यावर दुसरा भरला."

करिश्मा रडत होती. तिला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ज्या बाईनं शिकवलं तिच्याचकडं बघवत नव्हतं. आपली चूक एक वेळ माफ झाली असती, ती पोरीच्या माथी मारली हे कसं माफ होणार, असं पुनमताई स्वतःच म्हणाल्या आणि त्यांनी लिहून द्यायला कागद मागितला. डॉक्टरनं कौन्सिलचं पत्र फाडलं. मग तो उठून कमळासमोर गेला आणि हात जोडून उभा राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

बाहेर आवारात उन्हात बुधूनं दिव्यानीला नमस्कार केला. काम फत्ते झालं म्हणून प्रफुल खुशीत होता. त्यानं किल्ली बोटाभोवती फिरवली. "चला, घरी जाऊन तासभर विचार करतो."

"दादा, एक मिनिट," करिश्मा म्हणाली. खिशातून तिनं आपली गाठीची पट्टी काढली आणि त्याला काही कळायच्या आत त्याच्या गळ्याभोवती घेतली. प्रफुल हसला. मग त्यानं खाली पाहिलं. पट्टीचं टोक आणि गाठ यांच्यामध्ये चांगली तीन बोटं गळा उघडा होता.

"त्या दिवशी तुमी खुर्चीत झोपले होते नं, मी घड्याळात तेच पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "एकवीस सेकंद. लटारूभाऊचे चौदा होते. मॅडमले मी तवाच सांगितलं."

प्रफुलला रिकामा रस्ता आठवला आणि ती कधी नसलेली गाय. सकाळचं जड डोकं आठवलं. बायको दोन वर्षांपासून पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत का झोपते, तेही. आणि कालपासून दिव्यानी वांग्याबद्दल इतकं का बोलते आहे, हेही त्याला आत्ता कळलं. त्याला भीती वाटली, अगदी लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

"सोमवारी नागपूरला तपासणी आहे तुझी," दिव्यानी म्हणाली. "वहिनीशी बोलले मी. यंत्र लावून झोपवतात, त्यानं माणूस बरा राहतो."

त्यानं वाद घातला नाही. किल्ली तिच्या हातात दिली आणि तो पहिल्यांदाच गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. घर येईपर्यंत त्याला झोप आली नाही.